शेवटचा आठवडा: नवं काही उघडू नकोस

पत्र असं आहे:

‘मॅडम, मी जत तालुक्यातल्या एका गावातली. बारावी सायन्सची परीक्षा दिली, आता बरोबर सात दिवसांवर इंजिनिअरिंगची सीईटी आहे, पीसीएम (फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स) ग्रुप. केंद्र सांगलीत, गावापासून ९० किलोमीटर. शिफ्ट सकाळी नऊची, रिपोर्टिंग साडेसातला. मॉक टेस्टमध्ये २०० पैकी ११२ च्या पुढे जातच नाही. फिजिक्स-केमिस्ट्रीचे साधारण २२ प्रश्न कोरे राहतात, मॅथ्सचे १६. मॉक मी मोबाइलवर देते. जानेवारीत जेईई दिली होती, ती फसली. तेव्हापासून खात्री नसली की उत्तर मारायला हातच होत नाही. क्लासने या सात दिवसांत १४ मॉक द्यायला सांगितलेत, सकाळी एक, संध्याकाळी एक. अकरावीचे बरेच धडे मी उघडलेलेच नाहीत. रात्री एकपर्यंत जागते, पाचला उठते, वाचलेलं डोक्यात राहत नाही. बाबा म्हणतात, परीक्षेच्या दिवशी पहाटे चारला गाडीवर निघू. मिरजेला आत्या आहे, पण बाबांना कुणाकडे जाऊन राहणं आवडत नाही. मैत्रिणीची शिफ्ट माझ्या दोन दिवस आधी आहे, ती कसा पेपर आला ते सांगणार आहे. माझी शिफ्ट अवघड आली तर काय, या विचाराने पोटात गोळा येतो. काय करू?’

प्रिय विद्यार्थिनी,

आधी तुझ्याच आकड्यांचा हिशेब मांडते. पत्रात तू भीती सविस्तर लिहिली आहेस आणि आकडे घाईघाईत उरकलेस, पण कामाचे तेच आहेत. ११२ आले म्हणजे ८८ गेले. ते कुठे गेले? फिजिक्स-केमिस्ट्रीचे कोरे प्रश्न २२, प्रत्येकी एक मार्क, म्हणजे २२. मॅथ्सचे कोरे १६, प्रत्येकी दोन मार्क, म्हणजे ३२. हे झाले ५४. राहिलेले ३४ मार्क तू प्रश्न सोडवून, उत्तर चुकवून घालवलेस. म्हणजे गेलेल्या मार्कांपैकी निम्म्याहून जास्त अशा जागी गेले, जिथे तू काही केलंच नाहीस.

आणि सीईटीत चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. हे तुला माहीत नाही असं नाही, फॉर्म भरतानाच वाचलं असशील. पण तुझा हात अजून जानेवारीतच आहे. जेईई मेनमध्ये बरोबर उत्तराला चार आणि चुकीच्या पर्यायाला वजा एक, त्यामुळे तिथे शंका असली की सोडून देणं हे शहाणपण असतं. महिनोन्‌महिने तू तेच शहाणपण घोटलंस आणि आता ते या परीक्षेत तुला महाग पडतंय. वर्गात मी हे दरवर्षी बघत आले. जेईईची तयारी केलेली हुशार मुलं सीईटीत प्रश्न कोरे ठेवून येतात, आणि साधारण मुलगा सगळे पर्याय मारून त्यांच्या बरोबरीला येऊन बसतो.

गणित बघ. चार पर्याय असताना डोळे मिटून मारलं तरी सरासरीने चारातलं एक लागतं. २२ प्रश्नांतले पाच-सहा लागतील, १६ मधले चार, म्हणजे मॅथ्सचे आठ मार्क. मिळून १३ च्या आसपास. एखाद्या दिवशी सात येतील, एखाद्या दिवशी अठरा. आणि एखादा पर्याय जरी नक्की चुकीचा म्हणून काढून टाकता आला, तर चारात एकचं तीनात एक होतं. एकही नवा धडा न वाचता ११२ चे १२५ होण्याची वाट इथेच आहे. या सात दिवसांत तुला नवे मार्क मिळवायचे नाहीत. जे तुझेच आहेत आणि सांडतात, ते सांडू द्यायचे नाहीत. पुढचं सगळं याच्याच भोवती सांगते.

आता १४ मॉक. क्लासवाल्यांचा हेतू चांगला असेल, पण तीन तासांचा पेपर दिवसातून दोनदा दिलास तर तो तपासायचा कधी? मॉकने मार्क वाढत नाहीत, मॉक तपासल्याने वाढतात. तू तीनच दे: पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी. सकाळी बरोबर नऊला बसायचं, बाराला उठायचं, मध्ये पाणी पिण्यापुरतंही उठायचं नाही. शेवटचे दोन दिवस मॉक बंद. परीक्षेच्या आदल्या दिवशी मॉक देऊन ९८ आले आणि रात्रभर रडत बसली, अशा मुली मी पाहिल्या आहेत. त्या ९८ ला काही अर्थ नसतो, पण ती रात्र मात्र गेलेली असते.

आणि मोबाइलवर देऊ नकोस. हे मला पत्रात सगळ्यात जास्त खटकलं. मोबाइल हातात असतो, बोटाने टिचकी मारली की झालं. केंद्रावर पडदा समोर उभा, हातात माऊस, कच्चं काम खाली टेबलावरच्या कागदावर. मान वर-खाली, वर-खाली. पडद्यावर ०.०५ आणि कागदावर उतरलं ०.५, अशा चुका तिथे होतात आणि त्या मोबाइलवर कधीच दिसत नाहीत. जतला एखादं सायबर कॅफे असेल, नाहीतर तुझ्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सरांना विचार, तीन सकाळींचा प्रश्न आहे. सीईटी सेलच्या वेबसाइटवर सरावाची मॉक लिंक असते, त्यातली एक तरी तिथेच सोडव. कुठलं बटण दाबल्यावर उत्तर जतन होतं, ‘मार्क फॉर रिव्ह्यू’ केलेल्या प्रश्नाचं काय होतं, प्रश्नांच्या चौकटीत कोणता रंग कशाचा, हे तिथल्या सूचनांमधून एकदा नीट वाचून घे. नुसता पर्याय निवडला आणि ‘सेव्ह अँड नेक्स्ट’ न दाबता चौकटीतून दुसऱ्या प्रश्नावर उडी मारली, तर पहिलं उत्तर हवेत राहू शकतं. आणखी एक: कच्च्या कागदावर प्रत्येक गणिताला प्रश्नाचा नंबर घालून गोल कर. परत त्या प्रश्नावर आलीस तर अर्धं गणित सापडतं, नाहीतर पहिल्यापासून मांडावं लागतं.

मॉक झाला की जेव. जेवल्यावर दोन-तीन तास फक्त त्या पेपरला. चुकलेला प्रत्येक प्रश्न वहीत घे आणि समोर एकच शब्द लिही: ‘माहीत नव्हतं’, ‘घसरले’ किंवा ‘वेळ’. ‘माहीत नव्हतं’ची यादी या आठवड्यात बाजूला ठेवायची. तिकडे बघून फक्त घाबरायला होतं. लक्ष ‘घसरले’वर. तुझे ३४ मार्क तिथे आहेत आणि माझा अंदाज आहे की त्यातल्या निम्म्या चुका चार-पाच प्रकारच्याच निघतील.

फिजिक्स शिकवण्यात माझी हयात गेली, म्हणून तिथली उदाहरणं देते. ‘सेकंड एक्सायटेड स्टेट’मधल्या हायड्रोजनच्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा विचारली की मुलं दुसरी कक्षा धरतात आणि उणे ३.४ वर टिचकी मारतात. पहिली कक्षा ही ग्राउंड स्टेट, दुसरी फर्स्ट एक्सायटेड, म्हणून सेकंड एक्सायटेड म्हणजे तिसरी कक्षा, उत्तर उणे १.५१. उणे ३.४ पर्यायात असतंच, ते तुझ्यासाठीच ठेवलेलं असतं. तसंच एका टोकाला बंद असलेल्या नळीचं: तिथला पहिला ओव्हरटोन हा तिसरा हार्मोनिक, दुसरा नव्हे, कारण बंद नळीत सम हार्मोनिक नसतातच. दोन्ही टोकं उघडी असलेल्या नळीत मात्र पहिला ओव्हरटोन म्हणजे दुसरा हार्मोनिक. प्रश्न वाचताना ‘क्लोज्ड’ की ‘ओपन’ एवढा एक शब्द नजरेतून निसटला की सगळं गणित बरोबर करूनही मार्क गेला. एसी सर्किटमध्ये पीक विचारलंय की आरएमएस. फेरे मिनिटाला दिलेत की सेकंदाला: मिनिटाला ३०० म्हणजे सेकंदाला पाच, आणि कोनीय वेग १० पाय (π). त्रिज्या सेंटीमीटरमध्ये आणि पर्याय मीटरमध्ये.

केमिस्ट्रीत फर्स्ट ऑर्डरचं गणित. ७५ टक्के अभिक्रिया ‘पूर्ण झाली’ असेल तर दोन हाफ-लाइफ. ७५ टक्के ‘उरलं’ असेल तर एक हाफ-लाइफही झालेली नाही. मॅथ्समध्ये लॉजिक: ‘जर पाऊस आला तर शाळा बंद’ याचं निगेशन ‘पाऊस आला आणि शाळा बंद नाही’ असं होतं. त्यात ‘जर-तर’ राहतच नाही, तरी मुलं ‘जर पाऊस आला नाही तर’ असा पर्याय शोधत बसतात. आणि तिन्ही विषयांत ‘खालीलपैकी कोणतं बरोबर नाही’ हा प्रकार. त्यातला ‘नाही’ वाचला की कच्च्या कागदावर मोठी फुली काढ, मग पर्याय वाच.

तुझ्या घसरण्याच्या जागा वेगळ्या असतील. त्या तीन मॉकमधून काढून एका पानावर लिही. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी वाचायचा कागद तोच.

अकरावीचं म्हणशील, तर सीईटीत अकरावीचा भार साधारण २० टक्के, प्रत्येक विषयात ५० पैकी दहा प्रश्नांच्या आसपास. बाकी ८० टक्के बारावी. आता जे धडे उघडलेच नाहीत त्यांत सर्कल किंवा कॉम्प्लेक्स नंबर्स असतील तर ते तसेच बंद राहू देत. अर्धवट वाचलेलं सर्कल त्या दिवशी मदत करत नाही, वेळ मात्र खातं. घ्यायचंच असेल तर लहान, सुटं, सूत्रावर संपणारं घे. मॅथ्समध्ये मेझर्स ऑफ डिस्पर्शन, केमिस्ट्रीत अ‍ॅड्सॉर्प्शन अँड कोलॉइड्स, फिजिक्समध्ये सेमीकंडक्टर. एका दुपारी एक. तीन दुपारी झाल्या की अकरावी संपली.

त्यापेक्षा बारावीच्या पुस्तकातले शेवटाचे धडे बघ, जे कॉलेजात घाईत उरकले जातात. केमिस्ट्रीचं पॉलिमर आणि ग्रीन केमिस्ट्री हे दोन धडे संध्याकाळी तासाभरात वाचून होतात आणि तिथले प्रश्न बऱ्याचदा पुस्तकातल्या ओळीवरूनच येतात. नायलॉन-६ कॅप्रोलॅक्टमपासून, नैसर्गिक रबराचा मोनोमर आयसोप्रीन, ब्यूना-एसमध्ये ब्यूटाडाइन आणि स्टायरीन. इथे गणित नाही, एककं नाहीत, घसरायला जागाच नाही. मॅथ्समध्ये लिनिअर प्रोग्रामिंग आणि बायनॉमियल डिस्ट्रिब्यूशन तसेच. पुस्तक म्हणजे बालभारतीचंच. या आठवड्यात नवं गाईड, नवी पीडीएफ, कुणी पाठवलेले ‘हमखास येणारे ५०० प्रश्न’ यातलं काहीही उघडू नकोस. फिजिक्सच्या पुस्तकातले ‘रिमेंबर धिस’चे चौकोन नुसते चाळलेस तरी त्या ५०० पेक्षा जास्त हाती लागेल.

आता परीक्षेतल्या तीन तासांचं. पहिली ९० मिनिटं फिजिक्स-केमिस्ट्री, १०० प्रश्न. ती संपली की तो भाग आपोआप जमा होतो आणि मॅथ्स उघडतं, ५० प्रश्न, पुन्हा ९० मिनिटं. पहिल्या भागात लवकर मोकळी झालीस तरी तो वेळ मॅथ्सला मिळत नाही, आणि मॅथ्समधून मागे जाता येत नाही. म्हणून पहिल्या भागाची ९० मिनिटं शेवटच्या मिनिटापर्यंत वापरायची. एका प्रश्नाला सरासरी ५४ सेकंद पडतात. केमिस्ट्री आधी घे. तिथे बरेच प्रश्न आठवलं तर दहा सेकंदांत, नाही आठवलं तर नाहीच, असे असतात. ३५ मिनिटांत केमिस्ट्री, मग ४८ मिनिटं फिजिक्स, आणि उरलेली सात मिनिटं फक्त कोरे भरायला. घड्याळात सात मिनिटं दिसली की हातातलं गणित कितीही रंगलेलं असलं तरी सोड. प्रश्नांच्या चौकटीकडे जा, कोरे दिसतील त्यांना पर्याय मारत सुट. ज्याचा एखादा पर्याय कापता येतो तो काप. ज्याचं काहीच सुचत नाही, तिथे आधीच ठरवलेलं एक अक्षर मार, समज ‘बी’. प्रत्येक वेळी कोणतं मारू हा विचार करण्यात जे सेकंद जातात ते वाचतात, आणि लागण्याची शक्यता तेवढीच राहते. ही सात मिनिटं तिन्ही मॉकमध्ये पाळ, नाहीतर परीक्षेच्या दिवशी तुझा जेईईवाला हात पुन्हा आखडेल.

मॅथ्सला प्रश्नामागे १ मिनिट ४८ सेकंद. इथे पहिल्या फेरीत फक्त बघताक्षणी वाट दिसणारे सोडव. ट्रिगोनोमेट्रीची लांबलचक ओळ आली तर कोन ३० किंवा ४५ अंश टाकून पर्याय तपास, सिद्धता कुणी मागितलेली नाही. डिफरन्शियल इक्वेशनचं उत्तर पर्यायांतूनच उलटं घालून बघता येतं. कॅल्क्युलेटर नसतो, पण पर्याय बहुधा एकमेकांपासून लांब असतात, म्हणून ९.८ च्या जागी दहा आणि पायच्या वर्गाच्या जागी दहा धरून उत्तराचा अंदाज आला की पुरे. आणि इथेही शेवटची पाच मिनिटं कोऱ्यांसाठी. मॅथ्सचा एक कोरा म्हणजे दोन मार्कांची संधी.

झोपेबद्दल वाद घालत नाही. रात्री एक ते पहाटे पाच ही झोप नाही, डुलकी आहे. आजपासून साडेदहाला दिवा बंद आणि साडेपाचला उठायचं. पहिल्या रात्री झोप लागणार नाही, पडून राहा. तुझी शिफ्ट सकाळची आहे, म्हणून नऊ ते बारा या वेळात डोकं तरतरीत असायला हवं. ती सवय चार-पाच दिवसांत लागते, आदल्या रात्री ठरवून लागत नाही. मॉक नसलेल्या दिवशीही नऊ ते बारा अवघड विषय, आणि दुपारी उन्हाच्या वेळी हलकं वाचन. एप्रिलच्या उन्हात जतला दुपारी दोन वाजता रोटेशनल डायनॅमिक्स कुणाच्याच डोक्यात शिरत नाही.

पुढचा परिच्छेद बाबांसाठी आहे. त्यांना वाचून दाखव किंवा हा मजकूर त्यांच्या हातात दे.

दादा, पोरीला पहाटे गाडीवर घेऊन निघायची तुमची तयारी आहे, यातच तुमची माया दिसते. पण ९० किलोमीटर गाडीवर, अंधारात, वारा खात, आणि उतरल्या-उतरल्या तीन तासांचा पेपर, हे तिच्या अंगाला झेपणारं नाही. टायर पंक्चर झालं तर पहाटे साडेचारला दुकान कुठलं उघडं मिळेल? आदल्या दिवशी दुपारच्या एसटीने तिला घेऊन मिरजेला बहिणीकडे जा. एका रात्रीचा प्रश्न आहे, आणि भाचीच्या परीक्षेसाठी भाऊ राहायला आला म्हणून बहीण नाराज होणार नाही, उलट न आल्याचं ती वर्षभर ऐकवेल. संध्याकाळी सांगलीला जाऊन केंद्राचं फाटक डोळ्यांनी बघून या. नाव सारखं असलेल्या दोन इमारती असतात, मुलं चुकीच्या दारात उभी राहतात. बहिणीला आधीच सांगून ठेवा की त्या रात्री मटण नको, पुरणपोळी नको, वरणभात पुरे. आणि ‘प्रवेश कॉम्प्युटरलाच, पुण्यातच’ हे वाक्य एवढा आठवडा घरात कुणी उच्चारू नये. काढणी आठवड्यावर आली की बागायतदार घडाला हात लावून वजन वाढवत बसत नाही, तसंच आहे हे. तुमच्या हाताला काम हवं असेल तर खरोखरचं काम आहे: प्रवेशफेरीची कागदपत्रं. डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, आरक्षणातून अर्ज असेल तर जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, आणि लागू असेल तर नॉन-क्रीमीलेयर. त्यावरची मुदत वाचा, मार्चअखेर संपलेली असू शकते. सेतूत आणि तहसीलला निकालानंतर जी गर्दी उसळते ती तुम्हाला माहीत आहे. पोरगी अभ्यास करते तेव्हा तुम्ही ही फाइल लावा.

आता पुन्हा तुझ्याकडे. अ‍ॅडमिट कार्डाच्या दोन प्रिंट काढ, एक तुझ्या पिशवीत, एक बाबांकडे. मूळ ओळखपत्र घे, झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो चालेल असं गृहीत धरू नकोस. ओळखपत्रावरचं नाव आणि अ‍ॅडमिट कार्डावरचं नाव एकच आहे ना, हे आजच बघ, आदल्या रात्री नाही. काय आणायचं आणि काय नाही ते कार्डावरच छापलेलं असतं, त्यातलं प्रत्येक वाक्य वाच. मोबाइल आणि घड्याळ बाहेरच ठेवायचं असतं. वेळ पडद्यावर दिसते.

मैत्रिणीला सांग, पेपर झाला की फक्त ‘झाला’ एवढंच कळव. तिचा पेपर तुझा पेपर नाही. प्रत्येक शिफ्टला प्रश्नसंच वेगळा असतो. तिने सांगितलेला अवघड प्रश्न तू रात्रभर घोकशील आणि तो तुला येणार नाही. ‘फिजिक्स फार टफ होतं’ हे तिचं वाक्य मात्र तुझ्याबरोबर परीक्षेच्या हॉलपर्यंत येईल. तेच व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपचं. सात दिवस ग्रुप म्यूट कर. टेलिग्रामवर कुणी पेपर विकत असेल तर तो फसवतोय, एवढं बोलून तो विषय सोडते.

राहता राहिली तुझी शिफ्ट अवघड आली तर काय, ही भीती. म्हणून तर सीईटीचा निकाल मार्कांत नाही, पर्सेंटाइलमध्ये लागतो. तुझ्या शिफ्टला बसलेल्या मुलांपैकी किती टक्के मुलांना तुझ्याइतके किंवा तुझ्याहून कमी मार्क आहेत, तो तुझा पर्सेंटाइल. तुलना फक्त तुझ्याच शिफ्टच्या मुलांशी. पेपर अवघड असेल तर तो त्या हॉलमधल्या सगळ्यांनाच अवघड असतो, सगळ्यांचे मार्क खाली येतात आणि कमी मार्कांतही पर्सेंटाइल चांगला राहतो. सोपा असेल तर सगळेच वर जातात. तिथे एक घसरलेला मार्कही महाग पडतो. म्हणून पहिले पाच प्रश्न अंगावर आले तर घाबरण्यासारखं काही नाही, शेजारच्या खुर्चीवरच्या मुलालाही त्या शिफ्टचा तोच पेपर घाम फोडतोय. पुढच्या प्रश्नावर जा. उलट पहिले दहा पटापट सुटले तर वेग थोडा कमी कर आणि ‘नाही’ हा शब्द शोध.

बारा वाजता बाहेर आल्यावर बाबा विचारतील, ‘कसा गेला?’ ‘सगळे सोडवले’ एवढंच सांग. उत्तरं जुळवत बसू नकोस. सीईटी सेल नंतर तुझ्या लॉगिनमध्ये प्रश्न, तू दिलेली उत्तरं आणि उत्तरतालिका दाखवतं, तेव्हा एकदाच बसून मोज. एखाद्या प्रश्नाचं उत्तर तालिकेत चुकीचं वाटलं तर ठरलेल्या मुदतीत आक्षेप नोंदवता येतो, त्यासाठी पुस्तकातलं पान हाताशी ठेव.